थांबवलेला माल

२१ एप्रिल २०२५, सोमवार

मिळालं! नव्या सर्व्हरच्या लाँचसाठी सगळे भाग मिळवायचं काम आता माझ्याकडे. मोनाली मॅडम मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे रश्मी बघेल," आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळल्या. अभिनंदन वगैरे काही नाही. मोर्शीची बाई, कौतुकाला जड.

मशीन पूर्ण नवीन आहे. कपाटाएवढा रॅक, आत सर्व्हर रचलेले, आणि ते थंड ठेवायला पंख्यांऐवजी नळ्यांतून पाणी फिरणार. सुटे भाग कुठून कुठून येणार, जोडणी आमच्या नांदगाव पेठच्या कारखान्यात. पहिले नऊ रॅक हैदराबादच्या डेटा सेंटरला, वीस मेला. एक भाग अडला की सगळं अडलं.

संध्याकाळी अकोल्याला बाबांना फोन केला. ते म्हणाले, "पण तू नेमकं काय करून राहिली, बाई?" म्हटलं, लग्नच समजा. मांडववाला, आचारी, बँडवाला, सगळे एकाच वेळी दारात पाहिजेत. "आन नवरी?" नवरी म्हणजे चिप. तिच्यासाठी सगळे थांबतात, ती कोणासाठी थांबत नाही. बाबा बराच वेळ हसत होते.

२८ एप्रिल

तैवानहून उत्तर आलं – चिप जूनशिवाय नाहीत. शुभमचा चेहरा पडला. तो आमचा टेस्टिंगवाला, त्याचा चेहरा लवकर पडतो. मी फोन लावला. म्हटलं, पूर्ण ऑर्डर राहू द्या, नऊ रॅकपुरत्या आत्ता पाठवा. घासाघीस झाली. आज हो म्हणाले. मला हे काम येतं. लिहायला लाज कसली?

पाण्याच्या नळ्या जोडणारं कपलिंग चेन्नईकडून येतंय. तरी चाकणचा दुसरा पुरवठादारही मंजूर करून घेतला. मॅडमनी विचारलं, एक असताना दुसरा कशाला? म्हटलं, असू द्या. कुरकुरत सही केली.

५ मे

चिप आल्या. नवरी मांडवात!

८ मे, गुरुवार



कपलिंगचा ट्रक परवा मूर्तिजापूरजवळ बंद पडून दिवसभर उन्हात उभा होता, हे आज कळलं. तोवर कपलिंग नऊही रॅकना बसवून झाली होती. उरलेल्यातलं एक सहज हातात घेतलं. आतली रबरी रिंग दाबून पाहिली, तर कडक. चांगलं रबर एका दिवसाच्या उन्हानं असं होत नाही. शुभमला म्हटलं, गरम पाणी सोडून बघ. त्याने काही कपलिंग लावली. थोड्या वेळाने दोघांनीही पाहिलं – एकाला खाली थेंब. मग दुसऱ्याला.

एक थेंब. पण तो चालू सर्व्हरवर पडला तर रॅक गेला.

चेन्नईवाले म्हणतात माल चोख आहे, तुमच्या ट्रकचा दोष.

९ मे

मॅडमना सांगितलं, माल थांबवा. सगळे नऊ. बहुतेक कपलिंग कोरडीच आहेत ना, म्हणाल्या. म्हटलं, आज कोरडी आहेत. तारीख जाईल, म्हणाल्या. म्हटलं, जाऊ द्या.

मग त्यांनी दार लावलं. चिडल्या की त्यांची मोर्शीची बोली बाहेर येते. "तू आता गप राह्य. हैदराबादशी एक शब्द बोलायचा नाही. फोन नाही, मेल नाही. मी पाहतो काय ते."

काम मी करायचं, संकट मी ओळखायचं, आणि गिऱ्हाइकासमोर ह्या! घरी येऊन भांडी आदळली.

१३ मे

हैदराबादशी आजच्या कॉललाही मला बोलावलं नाही.

१७ मे, शनिवार

चाकणची कपलिंग आली. शुभम स्वतः गाडी घेऊन गेला होता, येताना माल पुढच्या सीटवर, एसीसमोर! पंजाबराव स्टोअरवाले म्हणाले, "जावयाले बी एवढं कोनी जपत नाही."

एक रॅक भर दुपारी आवारात ताडपत्रीखाली उभा करून चालवला. उष्णतेच्या चाचणीसाठी वेगळी खोली कशाला, मे महिन्यातलं वऱ्हाडचं ऊन फुकट आहे. आम्ही तिघं घाम पुसत नळ्यांखाली बोट फिरवत बसलो. कोरडं. सगळीकडे कोरडं.

मॅडम खिडकीतून बघत होत्या. खाली आल्या नाहीत. मीही वर पाहिलं नाही.

२४ मे

रॅक निघाले. उशिरा, पण निघाले. पंजाबरावांनी ट्रकपुढे नारळ फोडला. खोबरं सगळ्यांना वाटलं, मॅडमच्या केबिनमध्ये मी नेलं नाही. नेईल कोणीतरी.

२९ मे

हैदराबादला मशीन चालू झालं! त्यांच्या इंजिनिअरचा शुभमला फोन होता – पाणी नीट फिरतंय, तापमान हवं तेवढं.

दुपारभर मी हवेत. पुढचं लाँच मिळालं तर मी घाबरणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. फक्त एक काटा सलतो. सोमवारी मॅडमना सरळ विचारणार, मला लपवून का ठेवलं? वाक्यही तयार आहे. आवाज चढवायचा नाही, पण विचारायचंच.

३० मे, शुक्रवार

मॅडम जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "बरं केलंस." मी मान हलवली आणि पुढे गेले. जे बोलायचं ते सोमवारी.

२ जून, सोमवार

मॅडमची केबिन रिकामी आहे.

शुभमने सांगितलं. त्यालाही आजच कळलं. माल थांबल्याचं मॅडमनी कळवताच, नऊ मेलाच, हैदराबादने आमच्या मुंबईच्या मुख्य ऑफिसला विचारलं होतं – आमचा माल कोणी अडवला, त्याला काढा. मुंबईने मॅडमना नाव मागितलं. त्या म्हणाल्या, "मी."

शुक्रवार त्यांचा शेवटचा दिवस होता. जाताना त्यांच्या जागेसाठी त्यांनी माझं नाव दिलंय.