मामांनी बंद केलेली करकर

ती. मामा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताचं वंगण अजून निघालेलं नाही, तेवढं चालवून घ्या.)

आपल्यासाठी कुणी जीव तोडून काम केलं आणि त्यानेच आपलं काम बुडालं, तर त्या माणसाला काय म्हणायचं? घरातली पहिली पदवीधर असूनही मला उत्तर येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मामी म्हणाली, प्रयोगाच्या दिवसापासून तुम्ही दुकानात नुसते बसता, दुरुस्तीला आलेल्या शिलाई मशीनशीसुद्धा बोलत नाही.

मामा, कारखान्याने मोडीत काढलेले ते चार यंत्रमानव आमची वाद्यं आहेत, एवढंच मी तुम्हाला सांगितलं. ती वाजतात कशी, ते सांगायचं राहिलं. त्यांचे गंजके सांधेच गातात. कुणाचा खांदा षड्ज देतो, कुणाचं कोपर पंचम, हे शोधण्यात माझा अख्खा हिवाळा गेला. (सगळ्यात जाड्याची कंबर जरा बेसूर होती, पण स्वभावाने गोड.) प्रयोगाआधी आम्ही जेवायला गेलो, तुम्ही मागे थांबलात, आणि ती करकर तुम्हाला ऐकवेना. भाचीचं हसं होऊ नये म्हणून तुम्ही एकूण एक सांध्याला तेल पाजलंत.

पडदा उघडला. मी बटण दाबलं. चौघांनी हात उचलले, कमरा वळवल्या, माना डोलावल्या, आणि आवाज म्हणून नाही. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं, तेवढंच काय ते संगीत. मग विंगेतून तुमचा खुशीतला आवाज, "बघ पोरी, कसे लोण्यासारखे चालतायत!"

त्यावर मी भरल्या सभागृहात ओरडले, "कळत नाही तिथे हात कशाला घालता?" तुम्ही तेलाची बुधली खिशात टाकलीत आणि न जेवता गेलात. मला कॉलेजात घालताना "हिला काय कळतंय" म्हणणाऱ्या सगळ्यांशी तुम्ही एकटे भांडला होतात, मामा. आणि मी तेच तुम्हाला म्हणाले.

तुमची,
भाची

ता. क. : शनिवारी दुसरा प्रयोग आहे. सांध्यांतलं तेल काढणं आमच्यात कुणालाच जमत नाही. रॉकेल घेऊन याल का?

ता. क. २ : वरचं काल लिहिलेलं, ते वाचलं नाही असं समजा. तुम्ही आलात, तर कामासाठी आलात की माझ्यासाठी, हे मला कधीच कळणार नाही. तेव्हा मोकळ्या हातांनी या. इथे तुमच्यासाठी काहीही काम नाही. शनिवारचा प्रयोग मी आज सकाळीच रद्द करून आले.