हंस रोज लवकर मावळतो

१० जानेवारी २००६
आजही आवाज आला! केबल आल्यावर लोकांनी फेकलेल्या टीव्हीच्या चार अँटिना — बांधून गच्चीवरून वायव्येकडे रोखल्यात. एकसारखी सूंऽ, मीटरची सुई चढलेली. आठच्या सुमारास खाली बसली. हंस तारकासमूह तेव्हाच मावळतो. त्यात एक दीर्घिका आहे, पंचाहत्तर कोटी प्रकाशवर्षं दूर. तिच्या पोटात कृष्णविवर. तिथून दोन झोत सुटतात, कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. त्यांचे क्ष-किरण हवा अडवते. रेडिओलहरी मात्र पांढरकवड्याच्या या गच्चीपर्यंत येतात. हे मला कोणी शिकवलेलं नाही.

नसरीन म्हणते, "हंडीत काय टाकू? तुमचा हंस?"

१२ जानेवारी
यवतमाळले गेलतो. पुंडलिकराव कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. हसले. "शब्बीरमियाँ, जवळच्या एखाद्या मोटरीचा असेल."
मोटरीचा! पंचवीस वर्षं रेडिओ दुरुस्त करून राह्यलो मी. मोटर कटकट करते.
निघताना म्हणाले, "तारा रोज चार मिनिटं लवकर मावळतो. तुमचा आवाजही तसाच जातो का, ते दाखवा. मग मी स्वतः येतो."

२१ जानेवारी
लवकर जातो! कधी दोन मिनिटं, कधी सात. सरासरी काढली — चार. बाजाराच्या दिवशी ऐकता येत नाही, दुकान सोडवत नाही. गिऱ्हाईक त्याच दिवशी येतं. तेही आता नावालाच.

२८ जानेवारी
नसरीनचा भाऊ साजिद जेवायला. कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगात फिटर आहे; चाळीसेक मशिनी एकदम चालतात तिथं. घास तसाच हातात.
"दुल्हेभाई, कापूसच येऊन नाही राह्यला. मालक रोज थोडं थोडं लवकर मशीन बंद करून राह्यला."
म्हटलं, "जेव मुकाट्यानं. माझी ऐकायची वेळ झाली."

५ फेब्रुवारी
आवाज आज साडेसहाच्या आतच गेला. पुंडलिकरावांना फोन केला. सगळे आकडे दोनदा लिहून घेतले. मग — "शब्बीरभाई, बुधवारी येतो." आजवर मियाँ म्हणायचे.

७ फेब्रुवारी
साजिद दुपारीच घरी. डबा उघडलेला नाही. जिनिंगाच्या फाटकाला कुलूप — या वर्षापुरतं की कायमचं, कोणी सांगत नाही. नसरीन रडत बसली.

मी गच्चीवर गेलो. हंस अजून वर असायला हवा. सुई हलली नाही. वायर तपासली. बॅटरी तपासली. सगळं ठीक. मग अँटिनांच्या मागे वाकून त्यांच्या रोखानं पाहिलं. घरांच्या पलीकडे, बरोबर समोर, जिनिंगाचं टिनाचं छप्पर.

खाली येऊन साजिदला विचारलं, "तुमची सुट्टी कोणत्या दिवशी राहायची?"
"बाजाराच्या दिवशी. काहून?"

८ फेब्रुवारी
फोन लावला. पुंडलिकरावांच्या सूनबाईनं उचलला. "बाबा पहाटेच निघाले. पेढे घेऊन."