चार नावांचं एक हृदय

सावाई बेट, सामोआ
बुधवार

ती. उएलेसेमामांस,
वाइओलाचा आदरपूर्वक नमस्कार. आपली, मामींची आणि डुकरांची प्रकृती ठीक असावी. माझीही ठीक आहे. उजवं मनगट वगळून.

काल आपल्या गावच्या रग्बी संघाची हृदयतपासणी केली. (लिहायला एक ओळ लागली, करायला नऊ तास.) ज्येष्ठांच्या सामन्यातले धरून एकतीस खेळाडू, आणि सगळे नात्याने माझे भाऊ, नाहीतर मामा. बहिणीपुढे भावाने उघड्या अंगाने आडवं पडायचं नाही, हे शहरात शिकून मी विसरले असेन अशी गावच्या पंचांना काळजी. (पंचांत आपणही होतात.) म्हणून मध्ये चर्चचा जाड पडदा टांगला, त्याला भोक पाडलं, आणि त्यातून हात घालून मी सोनोग्राफीचा दांडा अंदाजाने छातीवर टेकवायचा, असं ठरलं. (पहिले तीन अंदाज पोटावर गेले.) माणूस पलीकडे, त्याचं हृदय अलीकडे माझ्या यंत्रावर.

सातव्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात एक बारीक आडवा धागा दिसला. तो निरुपद्रवी असतो. बाराव्यातही दिसला. एकोणिसाव्यातही, त्याच जागी, तितकाच तिरका. सव्विसाव्यात भेटला तेव्हा त्याची खुशाली विचारावीशी वाटली.

“मघाशी तूच होतास ना रे?” मी पडद्याला विचारलं.

“छे गं ताई, तो माझा भाऊ.”

“आणि त्याच्या आधीचा?”

“तोही भाऊच. आम्ही दिसतोच सारखे.”

“आतूनसुद्धा?”

पलीकडे कुणीतरी खिदळलं, “फेतु, ऊठ लेका, झिजेल ते!”

फेतु एकोणीस वर्षांचा आहे, ठणठणीत आहे. त्याला पुढे करणारे दोघे सुईला घाबरले होते. (या तपासणीत सुई नसते.) संध्याकाळी ते मुकाट्याने आडवे झाले; दोघेही उत्तम. त्याच हृदयाच्या चौथ्या अर्जावर वय त्रेपन्न आहे, आणि नाव आपलं.

मोठ्यांना बोलायची माझी पायरी नाही. अहवाल निर्दोष आहे. अभिनंदन.

आपली आज्ञाधारक भाची,
वाइओला

ता. क. त्या अहवालावर मी सही केलेली नाही. शनिवारी आपण पहिल्या फळीत खेळणार, असं ऐकते.

ता. क. २. मामी आज उकडलेल्या तारोच्या कंदांचा डबा घेऊन आल्या होत्या. महिनाभर तुम्ही भिंतीला टेकून, बसूनच झोपता म्हणाल्या. आडवं झालं की दम लागतो, आणि विचारलं तर प्रवचन पाठ करतोय म्हणता. मामा, हे लक्षण चांगलं नाही. आडवं होता येत नसेल, तर बसूनही तपासता येतं. यंत्र सुरूच ठेवलंय. पत्र फेतु आणतोय. या वेळी त्याला एकट्याला परत पाठवू नका.