जनुक संपादन हे भूसंपादन नसल्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
विभागीय प्रयोगशाळा परवाना कक्ष,
नाशिक.

अर्जदार : डॉ. शाझिया इब्राहिम मोमीन, संशोधक, मूळ राहणार मालेगाव, हल्ली मुक्काम नाशिक.

विषय : जनुक संपादन हे भूसंपादन नसल्याबाबत, तसेच प्रयोगशाळेच्या दारावरील सीलबाबत.

संदर्भ : सील लावण्याबाबतची आपल्या कक्षाची नोटीस. तिच्यावर जावक क्रमांक आहे, सही नाही.

महोदय,

१. अर्जदाराचे वडील इब्राहिम यांची उभी हयात मालेगावात यंत्रमागावर गेली. काही वर्षांपूर्वी त्यांचे हातपाय आपोआप हलू लागले, चालताना तोल जाऊ लागला, बोलता बोलता शब्द निसटू लागले. आजाराचे नाव हंटिंग्टन. तो घराण्यातून उतरतो. एका जनुकात अक्षरांचा एक छोटा तुकडा नको तितक्या वेळा छापलेला असतो. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाची घडी नीट पडत नाही, ते मेंदूच्या पेशींत एकमेकांना चिकटते आणि त्याच्या गुठळ्या होतात. आई किंवा वडिलांना तो असला, तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी. अर्जदार त्यांची एकुलती एक मुलगी आहे. तिने स्वतःची तपासणी अद्याप करून घेतलेली नाही. ही माहिती आपल्या कक्षाच्या कोणत्याही रकान्यात बसणार नाही, तरी ती वगळून पुढे वाचावे.

२. वडिलांच्या दंडाच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा घेऊन अर्जदाराने त्यातील पेशी पुन्हा कोवळ्या, म्हणजे कोणत्याही अवयवाची पेशी बनू शकेल अशा अवस्थेत नेल्या. काही तशाच ठेवल्या, काहींतील वाढीव तुकडा कापून दुरुस्त केला, आणि मग दोन्हींपासून मेंदूच्या पेशी वाढवल्या. या कापाकापीस मराठीत जनुक संपादन म्हणतात. दोन्ही बशा शेजारी ठेवल्या की गुठळ्या केव्हा आणि कशा धरतात ते दिसते. यातून वडील बरे होणार नाहीत, हे तिने त्यांना आधीच सांगितले होते. ते म्हणाले, "मला नको बरं करू बेटा. तुझ्यापर्यंत येऊ नये, तेवढं बघ."

३. परवान्याच्या नूतनीकरणासाठी प्रस्ताव सादर केला असता, 'संपादन' हा शब्द वाचून आपल्या विद्वान कक्षाने तो भूसंपादन शाखेकडे धाडला. तेथून विचारणा झाली की, संपादित क्षेत्राचा सातबारा, चतुःसीमा व बाधित खातेदाराची संमती जोडावी. अर्जदाराने कळवले की, सदर क्षेत्र पेशीच्या केंद्रकात असून त्याच्या पूर्वेस व पश्चिमेस जनुकेच आहेत. हे उत्तर उपरोधाने दिले होते. आपल्या कक्षाने ते नस्तीत लावले आणि 'उत्तर व दक्षिण दिशा नमूद नाहीत' अशी त्रुटी काढली. उपरोध वाया घालवण्याची आपल्या कक्षाची क्षमता वादातीत आहे.

४. त्यानंतर 'बाधित खातेदार' म्हणून वडिलांस समक्ष बोलावण्यात आले. मालेगावहून एसटीने, दंडाला धरून, अर्जदाराने त्यांना आणले. ते आपल्या कार्यालयाचा जिना डुलत चढले. निरीक्षक श्री. भारत ठोंबरे यांनी सर्वांसमक्ष विचारले, "काय हो बाई, पाजून आणलंय का यांना?" कारकून मंडळी हसली. वडिलांना वाक्य जुळवायला वेळ लागला, पण त्यांनी ते जुळवले : "साहेब, दारूला मी कधी शिवलो नाय. माझे हात माझं ऐकत नाय. तुमचे तर ऐकतात ना? मग तुम्ही का सही करत नाय?" मग श्री. ठोंबरे यांनी त्यांचा अंगठा धरून कागदावर दाबला. अंगठा थरथरला, शाई फाकली. शेरा पडला : 'ठसा अस्पष्ट, संमती ग्राह्य नाही.'

५. त्याच शेऱ्याच्या आधारे प्रयोगशाळेस सील ठोकण्यात आले. बशीतल्या पेशींना वेळच्या वेळी खाद्य बदलून द्यावे लागते, हे मदतनीस लताबाई हात जोडून सांगत होत्या. "साहेब, आत जीव हायेत." श्री. ठोंबरे यांचे उत्तर : "नोंद कुठाय त्यांची?" बशीतल्या सर्व पेशी मेल्या. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेल्या तेवढ्या उरल्या; पण नायट्रोजन उडून जातो, टाकी भरत राहावी लागते. हे अर्जदाराने वारंवार लेखी कळवले. प्रत्येक अर्जाची पोच मिळाली. पोच देण्यात आपला कक्ष तत्पर आहे, तेवढे एक कबूल केले पाहिजे.

६. गेल्या महिन्यात इब्राहिम यांचे निधन झाले. शेवटी त्यांना घोटभर पाणीही गिळवत नव्हते. दफन करून पुरुष मंडळी घरी परतत होती, तेव्हा अर्जदाराच्या फोनवर आपल्या कक्षाचा संदेश आला : 'बाधित खातेदार सुनावणीस गैरहजर, सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.' त्या घरात तो संदेश तिने कोणालाही वाचून दाखवला नाही. आपल्या कक्षाची लाज तिने राखली. कक्षाला ते काम कधी जमेल असे वाटत नाही.

७. प्रकरण बंद झाले, दार मात्र उघडले नाही. टाकी तळाला गेली असणार, हे ओळखून काल अर्जदाराने लताबाईंना घरी पाठवले आणि सील तोडले. तोडले म्हणणेही जास्तच होईल. लाख नव्हतीच, सेलोटेप होता, नखाने निघाला. टाकीत वीतभर नायट्रोजन शिल्लक होता. ती भरली. एक कुपी वितळवून पेशी बशीत सोडल्या. आज सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा त्या तळाला चिकटून पाय पसरत होत्या. चिकटल्या म्हणजे जगल्या.

८. सबब, हा अर्ज परवानगीसाठी नसून माहितीसाठी आहे. कारवाई करणे झाल्यास ती फक्त अर्जदारावर व्हावी. लताबाईंचा यात संबंध नाही. काम सुरू झाले आहे, ते थांबणार नाही. श्री. ठोंबरे यांना पुन्हा पाठवायचे असल्यास त्यांनी चपला बाहेर काढून यावे. पेशींना खाद्य देण्याचे काम चालू असेल, तर त्यांना दाराबाहेर थांबावे लागेल.

आजवर नम्र राहिलेली,
शाझिया इब्राहिम मोमीन

नाशिक, दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१) मृत्यूचा दाखला, छायांकित प्रत.
२) निघालेले सील, सेलोटेपसह.