चोविसाव्या जेवणाचा चंद्र

१४ मे १९८९, रविवार
कायद्याच्या शिक्षणात जेवण हा सक्तीचा विषय असतो, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. इथे लंडनमध्ये बॅरिस्टर व्हायचं तर नुसते पेपर देऊन भागत नाही — काळा गाऊन घालून वकिलांच्या हॉलमध्ये चोवीस वेळा जेवायचं! तेवीस झाली. तेवीस वेळा उकडलेला फ्लॉवर. व्हेजिटेरियन म्हटलं की यांना दुसरं काही सुचतच नाही. शेवटचं २३ तारखेला. ते हुकलं तर जुलैची सनद हुकली.

१५ मे
सासूबाईंनी किचनमधलं कॅलेंडर उलटलं. २३ला अंगारकी!
"चंद्र दिसल्याशिवाय घास नाही हं. बॅरिस्टर झालीस तरी."
आमच्या उपनगरात, पिनरला, चंद्र उगवणार मध्यरात्रीनंतर. हॉलमधलं जेवण सातला. शशिधर म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा," आणि ड्यूटी नसताना हॉस्पिटलला पळाले. नवरा!

१८ मे
एव्हिडन्सचं लेक्चर. प्रोफेसर म्हणे, दुसऱ्यानं पाहिलेलं तुम्ही सांगू नका, ज्यानं पाहिलं त्यालाच उभा करा. बाकीची पोरं नोट्स घेत होती. मी वहीत चंद्र काढत बसले.

२० मे, शनिवार
सासूबाईंपुढे केस चालवली. गणपती कुठला? पुण्याहून आणलेला. कॅलेंडर? पुण्याचं. मग चंद्रच तेवढा पिनरचा का? पुण्यात तो दहाला उगवतो — म्हणजे इथे साडेपाच!
आई डोळे मिटून ऐकत होत्या. झोपल्या असं वाटलं, पण न्यायाधीशही तसेच दिसतात.
"चालेल पुण्याचा," म्हणाल्या. "पण नुसती छापलेली वेळ नको. कुणीतरी डोळ्यांनी बघितलेला पाहिजे."
साक्षीदार ठरली माझी नणंद उल्का. पुण्यात राहते, गच्ची आहे.

२३ मे, मंगळवार
साडेपाचला फोन. आई शेजारीच उभ्या.
"दिसला वहिनी! आत्ताच गच्चीवरून खाली आले!"
"जा आता," आई म्हणाल्या. "ट्रेन चुकेल."
जेवले. फ्लॉवर इतका गोड कधी लागला नव्हता. चोवीस!!

२४ मे
आईंनी स्वतःचा उपास मात्र इथल्याच चंद्रावर सोडला. पुण्याच्या चंद्रावर भरवसा नाही की काय!

३ जून, शनिवार
उल्काचं पत्र. "त्या दिवशी आभाळ गच्च होतं हो वहिनी, चंद्र कुठला दिसतोय! पण आईनं सकाळीच फोन करून बजावलं होतं — काही झालं तरी दिसला म्हणून सांग."
आई समोरच मटार सोलत होत्या. उलटतपासणी घेतली नाही.