अदहम अडखळतो

३ फेब्रुवारी, इर्बिद

वही, इतके महिने तुला हात लावला नाही, माफ कर. अम्मानची नोकरी गेल्यावर जे लिहिलं असतं ते नुसतं रडगाणं झालं असतं. आज मात्र सांगण्यासारखं आहे. विद्यापीठाजवळच्या दुकानात आजपासून कामाला लागलो. गेमिंग लॅपटॉप दुरुस्त करायचे. मालक अबू घैथ मोकळा माणूस. आल्या आल्या विचारलं, तू कुणाचा अबू, कुठल्या मुलाच्या नावाने हाक मारायची तुला? म्हटलं, अजून कुणाचाच बाप नाही. एवढ्या वर्षांनी आता कुठे रहफला सहावा महिना लागलाय. तो म्हणाला, मग तोवर काय, पिकल्या दाढीच्या माणसाला गिऱ्हाइकांसमोर नुसतं निझार निझार म्हणून ओरडू? पोरगा होईपर्यंत एखादा उसना घे! टेबलावर एक लॅपटॉप उघडा होता. गेममधल्या तरुणाच्या डोक्यावर नाव होतं, अदहम. झालं, हा आपला अबू अदहम! सगळे हसले, मीही हसलो. मरमिय्याची सुगंधी पानं घातलेला चहा आला तोही अबू अदहमच्या नावाने.

४ फेब्रुवारी

तोच लॅपटॉप हाती घेतला. एका बाईने दुरुस्तीला ठेवलेला. तक्रार एवढीच, की चालताना अडखळतो. गेममध्ये ओसाड डोंगर आणि तो पाठमोरा तरुण. दोन पावलं टाकतो, थिजतो, मग एकदम पुढे जातो. कारण साधं निघालं: एवढा जड गेम चांगलं ग्राफिक्स कार्ड सोडून आतल्या साध्या चिपवर चालत होता. सेटिंग बदललं, नवा ड्रायव्हर टाकला. बराच फरक पडला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. तो तरुण चालत होता तेव्हा मी एकही कळ दाबलेली नव्हती. एखादी अडकली असेल.

७ फेब्रुवारी

पंख्यातली धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली. तापला की मंदावत होता, ते थांबलं. या वेळी कीबोर्ड सोडवून बाजूला ठेवला होता. तरी तो तरुण चालतोय, आणि आता पाठमोरा नाही. खाली संदेशाच्या चौकटीत एक शब्द उमटला: बाबा. इंटरनेट जोडलेलं नाही. अबू घैथ म्हणाला, कुणा टवाळाने आधीच भरून ठेवलं असणार, उस्ताद, तू तर शिकलेला ना! हो, शिकलेला आहे.

घरी रहफ म्हणाली, बाळ आज विचित्र हलतंय. हलतं, थांबतं, मग एकदम जोरात.

९ फेब्रुवारी

लॅपटॉपवाली बाई आली. उम्म अदहम, म्हणजे अदहमची आई. मुलगा गेल्या हिवाळ्यात अपघातात गेला. बापाने त्याला कधी आपला म्हटलं नव्हतं. गेल्यावरही तो गेममध्ये चालत राहतो, म्हणाली, कुणाला तरी शोधतो, पण अडखळतो हो. तेवढ्यात आतून मालकाची हाक: अबू अदहम! बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, राहू दे लॅपटॉप इथेच, सापडला त्याला. मी घाईघाईने सांगितलं, ती हाक गमतीची आहे. तिने शांतपणे विचारलं, पण तुम्ही ओ दिलीत ना, भाऊ?

दिली. रोज देतोय.

११ फेब्रुवारी

रहफची तपासणी. पडद्यावर बाळ अडखळत होतं. ठोका, ठोका, मग काहीच नाही — मग पुन्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्र अडकतंय. दुसरं आणलं. तेच. रहफने माझा हात घट्ट धरला.

ते थिजणं मी ओळखतो. लॅपटॉपमधून मीच ते काढलंय.

१२ फेब्रुवारी

थिजणं परत लॅपटॉपमध्ये यावं म्हणून सगळं उलट केलं. जुना ड्रायव्हर. साधी चिप. पंखा बंद. लॅपटॉप हाताला भाजतोय. तरीही अदहम सुरळीत चालतोय. जवळ आलाय. हनुवटी माझ्यासारखी —

दुकानात हात जोडले, मला त्या नावाने हाक मारू नका. म्हणाले, चिकटलेलं नाव निघतं का कधी, अबू अदहम?

चौकटीत लिहून विचारलं, काय हवंय. उत्तर आलं: जागा.

रहफचा फोन. सकाळपासून बाळ हललेलं नाही. ती रडत होती —

मी लिहिलं, ये. कुणी जबरदस्ती केली नाही. मीच लिहिलं.

१३ फेब्रुवारी

लॅपटॉपवर तो नाही. नुसता डोंगर.

रहफचा फोन. बाळ खेळतंय, एकदाही थांबलं नाही. ठोके स्वच्छ. डॉक्टरीणबाई हसल्या म्हणे. रहफ किती दिवसांनी हसली. मीही हसायला हवं.

मग आधीचं बाळ कुठे —

दुपार. डोंगराच्या पायथ्याशी काहीतरी आहे. अगदी लहान. हलतं — थिजतं — हलतं. डोक्यावर नाव नाही.

दुकानातली वीज सारखी जातेय. हे बंद पडलं तर —

उद्या: जास्तीची बॅटरी आणणे