एका पाळीपुरतं इंग्रजी

३ फेब्रुवारी
ती. मामांस,
सा. न. वि. वि.
पत्र पोचलं. यापुढे पाळीप्रमुखाने फोनवर इंग्रजीत बोलायचं, २८ तारखेला तोंडी परीक्षा, आणि नापास झालात तर पंपघर सोडून गोदाम, हे कळलं. सव्वीस वर्षं पंप सांभाळल्यावर गोदाम, हे मला पटत नाही. पण मला काय पटतं ते परीक्षक विचारणार नाहीत.

सोबत दहा इंग्रजी क्रियापदांचे तक्ते आहेत. रोजचं बोलणं बरंचसं यांच्यावरच चालतं. एकट्या ‘टेक’चे त्रेचाळीस अर्थ आहेत, एकूण चारशे बारा. सहा तारखेपासून रोज वीस केलेत, तर उजळणीला एक दिवस उरतो. मामींना नमस्कार.
तुमची भाची

११ फेब्रुवारी
चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद. तुझे मामा तुला मोजपट्टी म्हणतात ते उगाच नाही! रोज सकाळी तक्ता पुढ्यात घेऊन बसतात. नवव्या अर्थाला पोचले की पहिला विसरतात. आवाजावरून बेअरिंग झिजलेलं ओळखणारा माणूस, मान खाली घालून मला विचारतो, सातवा कुठला गं? मी काय सांगू, कपाळ?

काल म्हणाले, नाव मागे घेतो, गोदामात निदान कोणी प्रश्न विचारत नाही. तसा अर्ज द्यायची मुदत १७ची आहे. तुला कळवू नको म्हणाले, म्हणून कळवते. अगं, तांब्याभर पाणी हवं होतं, तू विहीरच पाठवलीस.
माया आहेच, ती ओळखून घे.
मामी

१३ फेब्रुवारी
ती. मामांस,
सा. न. वि. वि.
अर्ज देऊ नका. मामींना बोलू नका. बरोबर तेच केलं त्यांनी. चूक माझी आहे. तुमचं काम काय ते न विचारता मी शब्दकोश पाठवला.

तक्ते बाजूला ठेवा. पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तुम्ही काय काय करता, ते क्रमाने मराठीत लिहून पाठवा.
तुमची भाची

२० फेब्रुवारी
ती. मामांस,
सा. न. वि. वि.
यादी मिळाली. बावीस कामं, त्यातली सतरा तीनच क्रियापदांत बसली. पाळी ताब्यात घेणं, रीडिंग घेणं, फिल्टर काढणं, पंप सुटा करणं, सगळीकडे ‘टेक’. पूर्ण वाक्यं सोबत आहेत. पंपाजवळ उभं राहून, ते काम करताना म्हणा. बाकीचे अर्थ जगाला लागतील, तुम्हाला नाही.

मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. बंद करण्याआधी पंपाला हात लावून पाहायचं असतं, हे तुमच्या यादीत आहे, माझ्या एकाही पुस्तकात नाही. आता घालेन.
काळजी करणारी, तुमची भाची

२ मार्च
चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद. परीक्षकाने विचारलं, दाब अचानक पडला तर काय कराल. मी डोळे मिटून मनाने पंपाशी उभा राहिलो आणि बोलत गेलो. हातही हलत होते म्हणे, तो हसला. पुढचा प्रश्न समजलाच नाही. समजलं नाही, असं इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, फोनवरही असंच सांगा, अंदाजाने पंप चालवू नका. पाळी माझ्याकडेच राहिली.

पुढच्या महिन्यात आमच्या दोन फिटरांची परीक्षा आहे. त्यांच्या कामांच्या याद्या मी करून घेतल्या, समोर इंग्रजी पेन्सिलीने मीच लिहिलंय. तपासून पाठव. फक्त तपास हं, भर घालू नकोस.
आहे तसा जीव लावत राहा.
तुझा मामा